पुड्याच्या पाठीवरचा आकडा

माझं पोटपाणी पुड्यांच्या पाठीवर चालतं. खाऊच्या पाकिटाची दर्शनी बाजू, ते हवेत उडणारे कुरकुरीत तुकडे आणि चमकणारे थेंब, दुसरं कुणीतरी करतं. माझ्या टेबलावर येते ती मागची बाजू: घटकपदार्थ, बारकोड, 'थंड व कोरड्या जागी ठेवा' आणि पोषणमूल्यांचा तक्ता. ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, त्यातली साखर, स्निग्ध पदार्थ. अठरा वर्षं हेच करते आहे. एक दशांश चिन्ह सरकलं म्हणून रात्री साडेअकराला फाइल पुन्हा उघडली आहे. सहा पॉइंटांच्या बारीक अक्षरात छापलेला तीन आहे की आठ, हे मी भिंगाशिवाय सांगते.

आणि माझं वजन ८४ किलो आहे. उंची १५८ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३३ च्या पुढे जातो. हिशेब करून बघायचा तर बघा, मी केलाय.

लोकांना यात गंमत वाटते. 'तुला तर सगळं तोंडपाठ असेल!' असं हसत म्हणतात. आहेच तोंडपाठ. एवढंच नाही, मी तक्त्याची बेरीजही तपासते. प्रथिनं गुणिले चार, कर्बोदकं गुणिले चार, स्निग्ध पदार्थ गुणिले नऊ, आणि आलेला आकडा ऊर्जेच्या ओळीशी जुळतो का ते बघायचं. हे चार-चार-नऊ, म्हणजे एका ग्रॅममागच्या कॅलरी, विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून आलेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यानं वेस्लियन विद्यापीठात माणूस आत राहू शकेल एवढी उष्णतामापक खोली बांधून घेतली होती. आत बसलेल्या माणसाचं अन्न, मल-मूत्र, श्वास, अंगातून निघणारी उष्णता, सगळ्याचं मोजमाप. त्या खोलीतल्या माणसाबद्दल मला नेहमी वाटतं, बिचाऱ्याला निदान पुडा पूर्ण संपवायची मुभा तरी होती का?

आता त्या रात्रीचं सांगते, जिच्यामुळे मी हे सगळं वाचायला लागले.

साधारण दोन वर्षं झाली. एक काम मुदतीत देऊन दमून बसले होते, समोर वेफर्सचा मोठा पुडा. दीडशे ग्रॅमचा. निम्मा झाल्यावर, का कोण जाणे, सवयीनं पुडा उलटा केला. माझंच काम नव्हतं, पण लेआउट नीट होता म्हणून वाचत गेले. एक सर्व्हिंग, म्हणजे एका वेळी खायचा वाटा, ३० ग्रॅम, ऊर्जा १६० किलोकॅलरी, ज्यांना आपण नुसतं कॅलरी म्हणतो. पुड्यात पाच सर्व्हिंग. म्हणजे ८००. म्हणजे माझ्या पोटात ४०० गेल्या होत्या, रात्रीच्या जेवणानंतर.

आकडा कळला की माणूस थांबतो, असं म्हणतात ना? मी पुडा खाली ठेवला. मोजून दहा सेकंद. मग मनात जे आलं ते शब्दशः असं होतं: आजचा दिवस तर गेलाच, आता हा संपवून टाकू, उद्यापासून नीट. आणि उरलेल्या ४०० मी आधीच्या ४०० पेक्षा जास्त वेगानं खाल्ल्या. तक्ता वाचला नसता तर बहुधा तोंड खारट झालं म्हणून पाऊण पुड्यावर थांबले असते.

हा माझाच वेडेपणा आहे असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. मग कळलं की या वेडेपणावर १९७५ मध्येच प्रयोग झालाय. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी कॉलेजच्या मुलींना आधी मिल्कशेक दिला, मग 'चव सांगा' म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं आणि हवं तेवढं खा म्हटलं. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं, साधी गोष्ट. पण ज्या सतत मापात खायचा प्रयत्न करत होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. बंधन एकदा तुटलं की ते सांभाळायचं कारणच उरत नाही. हर्मन आणि जेनेट पोलिव्ही यांनी पुढे या प्रकाराला जे नाव दिलं त्याचा अर्थ 'गेलं खड्ड्यात' असा होतो. आपल्याकडे यासाठी बुडत्याचा पाय खोलात आहेच की.

म्हणजे माझ्यासारखीला आकडा नेमका कधी दिसतो यावर त्याचा परिणाम ठरतो. खाण्याआधी दिसला तर लगाम, अर्ध्यात दिसला तर चाबूक.

माझा धाकटा भाऊ याच्या अगदी उलट. तो पुडा उघडतो, दहा-बारा तुकडे खातो, गप्पा मारता मारता तोंड दुमडतो आणि रबरबँड लावतो. त्याच्या घरी फडताळात असे रबरबँड लावलेले चार-पाच पुडे कायम असतात, त्यातले काही मऊ पडून फेकून दिले जातात. मला हे बघवत नाही. मी एकदा विचारलं, 'तू थांबतोस कसा रे?' तो गोंधळला. म्हणाला, 'थांबतो म्हणजे? झालं खाऊन, ताई.' त्याला ते थांबणं वाटतच नव्हतं. त्यानं आजवर एकदाही पुडा उलटा केलेला मी पाहिलेला नाही.

एकाच आईबापांची, एकाच ताटातली दोन मुलं. हा फरक कुठून येतो, यावर बऱ्याच लोकांनी डोकं चालवलंय. लंडनच्या जेन वॉर्डल यांनी २००१ मध्ये मुलांच्या खाण्याच्या वागणुकीची एक प्रश्नावली तयार केली. त्यात दोन गोष्टी ठळक आहेत: समोर खाणं दिसलं, वास आला की मूल किती ओढलं जातं, आणि पोट भरल्याची खूण त्याला किती लवकर पटते. पहिली जास्त आणि दुसरी कमी असेल तर वजन जास्त असण्याकडे कल दिसतो. यात जनुकांचा वाटा मोठा आहे. एफटीओ नावाचं जनुक २००७ मध्ये लठ्ठपणाशी जोडलं गेलं. त्याच्या एका विशिष्ट रूपाच्या दोन्ही प्रती मिळालेली माणसं, एकही प्रत न मिळालेल्यांपेक्षा सरासरी तीनेक किलोंनी जड असतात. मला आणि भावाला काय मिळालं हे तपासून बघायच्या भानगडीत मी पडले नाही. रबरबँड पुरेसे बोलके आहेत.

मोठ्यांसाठी अशीच जुनी प्रश्नावली आहे, अल्बर्ट स्टंकार्ड आणि सॅम्युअल मेसिक यांची, १९८५ ची. एक्कावन्न प्रश्न. एका आहारतज्ज्ञ बाईंनी मला ती भरायला दिली. तीन गोष्टी मोजते: तुम्ही मुद्दाम किती आवरून खाता, तुमचा आवर किती सहज सुटतो, आणि भूक तुम्हाला किती छळते. मी प्रामाणिकपणे भरली. पहिल्यात मला भरपूर गुण, दुसऱ्यात त्याहून भरपूर. बाई म्हणाल्या, 'तुम्ही एक पाय ब्रेकवर आणि एक ॲक्सिलरेटरवर ठेवून गाडी चालवताय.' अठरा वर्षांत माझ्या खाण्याचं एवढं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं. तोपर्यंत मी ऐकत आले होते ते एकच: मनावर घे.

'मनावर घे' म्हणणाऱ्यांच्या बाजूनंही पुरावा आहे, तो लपवत नाही. अँजेलिना सुटिन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये बाल्टिमोरच्या एका दीर्घकालीन अभ्यासातली पन्नास वर्षांची माहिती तपासली, जवळजवळ दोन हजार माणसांची. उतावळेपणात जे वरच्या दहा टक्क्यांत होते, त्यांचं वजन खालच्या दहा टक्क्यांपेक्षा सरासरी अकरा किलो जास्त. शिस्तशीर, टापटीप स्वभावाची माणसं सडपातळ. हे वाचून मी माझ्या टेबलाकडे बघितलं. पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. फाइलींना तारखेची नावं. मुदत कधीच चुकवलेली नाही. मग माझी शिस्त संध्याकाळी सातनंतर जाते कुठे? सरासरी ही फार मोघम वस्तू आहे. अकरा किलोंचा फरक खरा असेल, पण त्यात माझ्यासारखी टापटीप जाडी बाई आणि भावासारखा पसारा घालणारा सडपातळ माणूस, दोघंही पोटात घातलेले असतात.

मार्शमॅलोचा प्रयोगही असाच. वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डमध्ये लहान मुलांपुढे गोड खाऊ ठेवला: आत्ता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. या मुलांचा तीस वर्षांनी माग काढला तेव्हा असं दिसलं, की चार वर्षांचं असताना मूल जितकं जास्त थांबलं तितका मोठेपणीचा बीएमआय कमी. दर मिनिटाला साधारण ०.२. मात्र २०१८ मध्ये बऱ्याच मोठ्या आणि विविध घरांतल्या मुलांच्या गटावर पुन्हा बघितलं, तेव्हा थांबण्याचा आणि पुढच्या शैक्षणिक यशाचा जो संबंध एवढा गाजला होता तो पुष्कळ पातळ निघाला, आणि घरची परिस्थिती धरली की आणखी पातळ. मला यात आश्चर्य वाटत नाही. सांगितलेला दुसरा खाऊ खरंच मिळतो, हा अनुभव ज्याच्या घरात नाही त्यानं थांबावं कशाला?

बरं, आता आकड्यांकडे. माझ्या धंद्याचा प्रश्न आहे.

न्यूयॉर्क शहरानं २००८ मध्ये साखळी उपाहारगृहांना मेन्यूवर कॅलरी लिहायला लावल्या. लगेच कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत लोकांच्या पावत्या गोळा करून तपासण्यात आल्या. निम्म्या लोकांना आकडे दिसले. दिसलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त लोकांनी सांगितलं की आकड्यामुळे आम्ही निवड बदलली. आणि पावत्यांवर? काहीच फरक नाही. त्याच शहरात एका मोठ्या कॉफी साखळीच्या विक्रीचा अभ्यास झाला, त्यात मात्र दर खरेदीमागे कॅलरी ६ टक्क्यांनी घटल्या, तीही जवळजवळ सगळी घट खाण्याच्या पदार्थांत. पेयं होती तशीच. पुढे २०१८ मध्ये हा नियम अमेरिकाभर लागला, वीस किंवा जास्त शाखा असलेल्यांना. २०२२ मध्ये इंग्लंडनं अडीचशे किंवा जास्त कर्मचारी असलेल्यांना लावला. कॉक्रेन या संस्थेनं २०२५ मध्ये २५ अभ्यास एकत्र करून बघितले: निवडलेल्या कॅलरींत १.८ टक्के घट. सहाशे कॅलरींच्या जेवणात अकरा.

अकरा! मी खुर्चीवरून उठून पाणी पिऊन आले. अठरा वर्षं डोळे फोडले ते अकरा कॅलरींसाठी? वेफर्सच्या भाषेत दोन ग्रॅम. एक तुकडा.

थोडा राग ओसरल्यावर लक्षात आलं की ही अकरा कुणाचीच नाही. माझ्या भावाची शून्य आहे, तो वाचतच नाही आणि त्याला गरजही नाही. पेन्सिली उंचीप्रमाणे लावणारी, पण आवर न सुटणारी एखादी बाई शंभर कमी खात असेल. आणि मी त्या रात्री २०० जास्त. तिघांची बेरीज करून भागाकार केला तर काय उरणार? ज्यांना मोजायची सवय आहे त्यांच्या हातात आकडा हे हत्यार आहे. ज्यांचा आवर सुटतो त्यांच्या हातात तो पुरावा होतो, स्वतःविरुद्धचा. ज्यांना खाण्याचा आजार आहे त्यांच्यासाठी तर तो मेन्यूवर उघडा ठेवलेला विस्तव, हे त्या आजारातून गेलेली माणसं सांगतात आणि मला ते पटतं.

शिवाय आपण बघायचंच टाळतो, हा एक वेगळाच भाग. एका प्रयोगात लोकांना तयार जेवणातल्या कॅलरींची माहिती फुकट देऊ केली होती. ५८ टक्क्यांनी ती नको म्हटलं. आणि नको म्हणणाऱ्यांनी जास्त खाल्लं. हे वाचून मला आमच्या वजनकाट्याची आठवण झाली, जो सणासुदीनंतर नेमका पलंगाखाली जातो. कॅस सनस्टीन या कायदेपंडितानं अमेरिकेतल्या या नियमाच्या घडणीत हात लावला होता. सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवरही आकडे येणार या आनंदात त्यानं एका मैत्रिणीला ईमेल केली. उत्तर आलं की कॅसनं पॉपकॉर्नची वाट लावली. मला त्या मैत्रिणीला भेटायला आवडेल.

वाचून पोटात काय होतं, हे तर आणखी गमतीचं आहे. अलिया क्रम यांनी २०११ मध्ये ४६ जणांना एकच मिल्कशेक दोन वेळा दिला, ३८० कॅलरींचा. एकदा लेबलवर लिहिलं ६२० कॅलरी, अगदी चैन. एकदा १४० कॅलरी, अगदी शहाणपणाचा. ६२० समजून प्यायल्यावर भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, बरंच जास्त खाली आलं. १४० समजून प्यायल्यावर ते जवळपास सपाटच राहिलं. शेक तोच! म्हणजे पुढच्या बाजूला 'हलकंफुलकं' लिहून मागच्या बाजूला मी लहान आकडा बसवते, तेव्हा मी माणसाच्या पोटाला 'अजून भूक आहे' असं सांगत असेन. ही जबाबदारी कुणी मला कामावर घेताना सांगितली नव्हती.

(आणि तो आकडा तरी किती पक्का? अमेरिकेच्या नियमात पाकिटावरच्या कॅलरींपेक्षा प्रत्यक्षात वीस टक्क्यांपर्यंत जास्त चालतात. त्यामुळे माझा १६० हा १९२ असू शकतो. मी मात्र १६० आणि १६१ वरून लोकांशी भांडत असते.)

माझ्या कामाशी सगळ्यात जवळचा अभ्यास सापडला तो २०१९ चा. प्रश्न साधा: मेन्यूवर कॅलरींचा आकडा पदार्थाच्या नावाच्या डावीकडे लिहिला तर? आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. आकडा उजवीकडे असेल तर आधी नाव वाचतो, तोंडाला पाणी सुटतं, निर्णय होतो, मग आकडा येतो. वरात गेल्यावर घोडं आल्यासारखा. डावीकडे असेल तर आधी आकडा, मग नाव. डावीकडे लिहिल्यावर लोकांनी कमी कॅलरींचे पदार्थ निवडले. आणि हे उजवीकडून डावीकडे हिब्रू वाचणाऱ्यांवर करून बघितलं, तर तिथे उजवीकडच्या आकड्यानं काम केलं. एवढा सुबक प्रयोग मी पाहिलेला नाही. स्वभाव वगैरे न बदलता, नुसती जागा बदलून.

रंगांचंही तसंच. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये पदार्थांना लाल, पिवळा, हिरवा असे रंग दिले आणि हिरवे पदार्थ हाताशी, डोळ्यांसमोर मांडले. दोन वर्षांनी बघितलं तर लाल पदार्थांचा वाटा २४ टक्क्यांवरून २० वर आलेला होता. लोकांना गुणाकार करावा लागला नाही. रात्री दमून बसलेल्या बाईला पाच गुणिले एकशे साठ करायला लावणं आणि लाल ठिपका दाखवणं यात फरक आहे.

त्या रात्रीनंतर मी एक गोष्ट केली. स्वयंपाकघरातला काटा काढला आणि एक सर्व्हिंग म्हणजे काय ते डोळ्यांनी बघितलं. तीस ग्रॅम. अठरा वर्षांत हजारो वेळा 'एक सर्व्हिंग ३० ग्रॅम' असं टाइप केलं, कधी तोलून बघितलं नव्हतं. बशीत सतरा तुकडे आले, त्यातले चार फुटके. बशीचा तळ दिसत होता. मी त्या बशीसमोर बसले आणि एकेक तुकडा खाल्ला, सावकाश, आणि सतराव्यानंतर हात आपोआप डावीकडे गेला, जिथे एरवी पुडा असतो. पुडा दुसऱ्या खोलीत होता. उठायचा कंटाळा केला. माझ्या सगळ्या स्वभावगुणांत हा एक आळस मला उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

आता असंच करते. बशी आधी, पुडा लांब, आकडा बघायचा तर पुडा फोडण्याआधी. एकदा फोडल्यावर उलटा करायचा नाही. वजन ८७ होतं, ८४ झालंय. दोन वर्षांत तीन किलो, त्यात मधे एकदा ८८ सुद्धा झालं होतं. भाऊ मागच्या वेळी आला तेव्हा त्यानं माझ्याकडच्या पुड्यालाही सवयीनं रबरबँड लावलं. मी ते काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. दुसऱ्याच्या रबरबँडनं माझं भागत नाही.

गेल्या महिन्यात एका ग्राहकाचं नवं पाकीट आलं. त्यांना संपूर्ण पुड्याची ऊर्जा दर्शनी बाजूला हवी होती, सर्व्हिंगची नाही. मला आनंद झाला. मी तो चौकोन वर डावीकडे घेतला, नावाच्या आधी, आठ पॉइंट, ठळक. तीन दिवसांनी करेक्शन आलं: चौकोन खाली उजवीकडे घ्यावा, साइज थोडी कमी करावी, नावावर येतोय.

मी फोन केला. डावीकडे का हवा ते सांगितलं, हिब्रूसकट. पलीकडचा मुलगा अगदी गुणी होता, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'मॅडम, म्हणूनच.'

उजवीकडे घेतला. साडेसहा पॉइंट केला. त्यांनी सहा सांगितले होते.